नवशिक्यासाठी मार्गदर्शिका कशी लिहावी : ‘ईमॅक्स’च्या निमित्ताने

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी संगणकावर काही लिहावे, पण ते घरातील वडीलधाऱ्यांसही समजेल असे असावे, अशी सूचना समितीने आम्हांस केली. विषय शोधण्यास आम्हांस लांब जावे लागले नाही. ट्रस्टची जुनी इतिवृत्ते संगणकावर उतरवून घेण्याचे काम गेली दोन वर्षे आपल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत चालू आहे, हे सभासदांस ठाऊकच आहे. त्या कामाच्या स्वयंसेवकांसाठी आम्ही एक छोटी मार्गदर्शिका लिहिली. ती प्रथम अगदी वाईट उतरली, आणि तिच्यापायी एका भगिनींची दोन दिवसांची मेहनत वाया गेली. मग ती नव्याने लिहावी लागली. त्या पुनर्लेखनात आम्ही जे शिकलो ते येथे मांडीत आहो.

आधी कामाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९४९ च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० च्या मे महिन्यात गुजरात राज्य झाले. या काळातील आपली इतिवृत्ते मराठीत, टाकाने व शाईने, जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहिलेली आहेत. कागद ठिसूळ झाला आहे. छायाचित्रे घेऊन ठेवली आहेत, पण छायाचित्रात शब्द शोधता येत नाही. ‘विद्यार्थी वसतिगृह’ हा विषय कोणकोणत्या सभांत निघाला, असे कोणी विचारले तर सर्व वह्या चाळाव्या लागतात. म्हणून त्या साध्या मजकुराच्या रूपात टंकित करावयाच्या असे ठरले. साधा मजकूर म्हणजे ज्यात अक्षरांखेरीज दुसरे काही नाही असा. तो पन्नास वर्षांनीही कोणत्याही यंत्रावर उघडेल.

असा मजकूर लिहिण्याच्या साधनास ‘टेक्स्ट एडिटर’ म्हणतात. त्यास ‘संपादक’ म्हटले तर वाचकांच्या डोळ्यांपुढे चष्मा लावलेले मासिकाचे गृहस्थ उभे राहतील, सबब आम्ही एडिटर हाच शब्द ठेवतो. आमच्यातील एका तरुणाच्या आग्रहावरून आम्ही ‘ईमॅक्स’ हा एडिटर निवडला. तो फुकट मिळतो, त्याचा मूळ कार्यक्रम कोणासही पाहता व बदलता येतो, आणि शंभर फायलींतून एक शब्द शोधणे त्यास जड नाही. इतिवृत्तांत ‘सर्वानुमते’, ‘अनुमोदन’ असे शब्द दर पानावर येतात. त्यांची पहिली दोन अक्षरे लिहून ऑल्ट कळ धरून तिरकी रेघ दाबली की मागे कधी लिहिलेला तो शब्द हा एडिटर पुरा करून देतो. एवढ्या एका सोयीने आमच्या टंकलेखकांची बोटे पुष्कळ वाचली.

ईमॅक्सचा जन्म १९७६ सालचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ‘टेको’ नावाच्या एका जुन्या एडिटरवर लोकांनी आपापल्या सोयीच्या आज्ञा रचून ठेवल्या होत्या. त्या एकत्र गुंफून रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनी हे साधन उभे केले. आज वापरात आहे तो ‘ग्नू ईमॅक्स’ स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा मोठा भाग ‘लिस्प’ या भाषेत लिहिलेला असून तो चालू असतानाच बदलता येतो. कळा, रंग, अक्षरांचा आकार, आज्ञांची नावे, सर्व काही. हेच त्याचे वैभव, आणि नवशिक्याचे संकटही हेच. ज्या घरात प्रत्येक भिंत सरकवता येते त्या घरात पाहुण्यास दार कोठे आहे हे आधी दाखवावे लागते.

आमची पहिली मार्गदर्शिका चोवीस पानांची होती. आरंभी वर दिलेला इतिहास होता, मग मुक्त संगणक-प्रणालीचे तत्त्वज्ञान, मग कळांचे दोन पानी कोष्टक, आणि शेवटी आमच्यातील त्या तरुणाने सहा वर्षांत जमवलेली स्वतःच्या मांडणीची एकशे ऐंशी ओळींची फाईल. “ही जशीच्या तशी उतरवून घ्या, म्हणजे सर्व तयार होईल,” असे आम्ही लिहिले होते. सात स्वयंसेवक आले. पुढच्या रविवारी दोघेच आले.

त्या दोघांपैकी एक म्हणजे आपल्या निवृत्त शिक्षिका काकू. (नाव छापू नका असा त्यांचा हुकूम आहे.) त्यांनी चिकाटीने १९५३ सालची वही घेतली व मार्गदर्शिकेत सांगितल्याप्रमाणे एडिटरमधील फायलींची यादी उघडून काम सुरू केले. यादीत एकाखाली एक दोन नावे होती. दोन्हींत ‘१९५३’ होते, फक्त दुसऱ्याच्या शेवटी ~ असे नागमोडी चिन्ह होते. काकूंचा हात दुसऱ्यावर गेला. त्यात त्यांनी दोन दिवस बसून अकरा पाने टंकित केली आणि रीतसर जतनही केली.

आता हे चिन्ह काय ते सांगतो. ईमॅक्समध्ये एखादी फाईल उघडून प्रथम जतन केली की तिची पूर्वीची प्रत मोडीत न काढता तिच्या नावापुढे ~ लावून तो बाजूस ठेवतो. चूक झाली तर मागे जाता यावे म्हणून केलेली ही सोय आहे. परंतु अशी प्रत एकच राहते. पुढच्या बैठकीत मूळ फाईल पुन्हा जतन झाली की नवी जुनी प्रत त्याच नावाने येते आणि आधीची नाहीशी होते. रविवारी त्या तरुणाने मूळ फाईल उघडली, पहिल्या पानावरील एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि जतन केले. त्या क्षणी काकूंची अकरा पाने गेली.

“अरे, मी दोन दिवस बसले होते. मग ते गेलं कुठे?”

“काकू, तुम्ही त्या ~ वाल्या फायलीत लिहिलंत.”

“बरं. पण तिच्यात लिहू नये हे मला कोणी सांगितलं होतं?”

चोवीस पानांत ते कोठेच नव्हते. इतिहास होता, तत्त्वज्ञान होते, पण डोळ्यांसमोर पहिल्याच दिवशी येणाऱ्या त्या चिन्हाविषयी एक अक्षर नव्हते. काकूंनी वही बंद केली व त्या घरी गेल्या. त्यांना परत बोलावण्यापूर्वी मार्गदर्शिका नव्याने लिहिणे आम्हांस प्राप्तच होते.

तेव्हा आम्ही थोडे वाचले. हा प्रश्न आमच्या आधी पुष्कळांस पडलेला आहे. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल यांनी १९८० च्या दशकात, कचेरीत काम करणारी माणसे लेखनयंत्रे वापरण्यास कशी शिकतात, हे त्यांच्याजवळ बसून पाहिले. १९९० मध्ये त्यांनी ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ हे पुस्तक लिहिले. न्यूर्नबर्गचे नरसाळे म्हणजे विद्यार्थ्याच्या डोक्यात लावून वरून विद्या ओतण्याचे काल्पनिक साधन. जर्मन लोकांत ही जुनी थट्टा आहे. कॅरल यांचे म्हणणे असे की नवशिका वाचीत नाही, तो करू लागतो. त्याला स्वतःचे काही काम उरकावयाचे असते. म्हणून प्रस्तावना कमी करावी, खरे काम लगेच हाती द्यावे, आणि चूक झाल्यास तीतून कसे निघावे हे चूक होते त्याच जागी सांगावे. आमची चोवीस पाने म्हणजे उत्तम कल्हई केलेले नरसाळेच होते.

मग आम्ही एक प्रयोग केला, आणि सर्वांत अधिक आम्ही त्यातूनच शिकलो. शेजारच्या एका महाविद्यालयीन मुलीस व एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यास बोलावले, त्यांच्या हाती जुनी मार्गदर्शिका दिली, आणि आम्ही पेन्सिल घेऊन मागे बसलो. एक शब्द बोलावयाचा नाही असा नियम केला. हा नियम पाळणे किती कठीण आहे हे ज्याने शिकवले आहे त्यासच कळेल! ‘कंट्रोल-एक्स’ असे जेथे छापले होते तेथे त्या गृहस्थांनी कंट्रोल दाबून सोडली, मग मधली आडवी रेघ दाबली, मग एक्स. त्यांचे काय चुकले? आम्ही जे लिहिले तेच त्यांनी केले. मुलीने दुसऱ्या संगणक-कार्यक्रमांच्या सवयीने चूक परतवण्यासाठी कंट्रोल धरून झेड दाबली, आणि सगळी खिडकी पडद्यावरून नाहीशी झाली. ईमॅक्समध्ये त्या कळांनी खिडकी खाली दडते. तिला वाटले, आपण काही मोडले. ती खुर्चीवरून उठलीच.

कळांची ही वागणूक विक्षिप्त वाटते, पण तिला कारण आहे. ईमॅक्सचे शब्द व कळा १९७० च्या दशकातल्या. कापणे, चिकटवणे यांची जी परिभाषा आज सर्वत्र आहे ती घरोघर पोचली १९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणक आल्यानंतर. म्हणून ईमॅक्स कापण्यास ‘किल’ म्हणतो, चिकटवण्यास ‘यँक’ म्हणतो, आणि आपण ज्यास खिडकी म्हणतो त्यास ‘फ्रेम’ म्हणून आतील एका कप्प्यास ‘विंडो’ म्हणतो. त्याच्या पुस्तकांतील ‘मेटा’ ही कळ त्या प्रयोगशाळेतील जुन्या कळफलकांवर होती. आज तिच्या जागी ऑल्ट दाबावी. नव्या मार्गदर्शिकेत आम्ही हे चार शब्द, जेथे ते प्रथम भेटतात तेथेच, एकेका ओळीत दिले. स्वतंत्र शब्दकोश केला नाही, कारण मागील पानावरचा शब्दकोश कोणी उलटून पाहात नाही.

नवी मार्गदर्शिका दारापासून सुरू होते. पहिल्या पानावर बाहेर पडण्याचे मार्ग आहेत : अडकलात तर कंट्रोल धरून जी दाबा, अर्धवट आज्ञा सुटेल. कळेना तर वरच्या यादीतून, म्हणजे मेनूतून, काम करा. सायकल शिकवताना आधी ब्रेक दाखवतात तसे हे आहे. त्यानंतर लगेच खरे काम : फाईल उघडणे, वहीतील पहिल्या सभेची तारीख व उपस्थितांची संख्या लिहिणे, जतन करणे, बंद करणे, पुन्हा उघडून आपले लिहिलेले आहे हे पाहणे. हे दहा मिनिटांत होते. आपले लिहिलेले दुसऱ्यांदा डोळ्यांनी दिसले की माणसाची भीती निम्मी होते.

मेनूविषयी आमचा व त्या तरुणाचा मोठा वाद झाला. जाणते लोक आपल्या मांडणीत मेनू व चित्रांची पट्टी प्रथम काढून टाकतात, जागा अडते म्हणून. त्यांच्या फायली नवशिक्यांच्या हाती जातात आणि ज्यास मेनूची खरी गरज त्याच्याच पडद्यावरून तो नाहीसा होतो. ईमॅक्सचा मेनू तर प्रत्येक आज्ञेपुढे तिच्या कळाही छापतो. न शिकवता शिकवणारा असा गुरू काढून का टाकावा? मेनू राहिला. कापणे-चिकटवण्याच्या परिचित कळा चालू करणारी ‘सीयूए’ नावाची सोय ‘ऑप्शन्स’ मेनूत आहे. तीही आम्ही चालू ठेवली, म्हणजे कंट्रोल-झेडने खिडकी दडत नाही, चूक परतते. तरुणाच्या मते याने खरी विद्या कधीच येणार नाही. असेल. आपल्याला वह्या उतरवावयाच्या आहेत.

मांडणीच्या फायलीविषयी मात्र त्याने आपले मत स्वतःच बदलले. दुसऱ्याची एकशे ऐंशी ओळींची मांडणी घेणे म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रात्री दिवा न लावता शिरणे आहे. डबे सर्व भरलेले, पण साखर कोणती व मीठ कोणते ते फक्त मालकिणीस ठाऊक. काही बिघडले तर नवशिक्यास कोणत्या ओळीने बिघडले हे सांगता येत नाही. लिस्पमध्ये एक कंस मिटावयाचा राहिला तर एडिटर ‘एंड ऑफ फाइल ड्यूरिंग पार्सिंग’ एवढेच म्हणतो. त्या जागेच्या वरच्या ओळी लागू झालेल्या असतात, खालच्या नाहीत. एडिटर अर्धा आपला, अर्धा परका होऊन बसतो.

म्हणून नव्या फायलीत ओळी सहाच. प्रत्येकीच्या वर अर्धविराम देऊन मराठीत एक टीप, कारण अर्धविरामापुढचे ईमॅक्स वाचीत नाही. एक ओळ घालावी, एडिटर बंद करून उघडावा, फरक पाहावा, मगच दुसरी. पहिली ओळ अक्षर मोठे करते. दुसरी रंगसंगतीची. २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून ‘मोडस’ नावाच्या रंगसंगती ईमॅक्ससोबतच येतात, आणि अक्षर व पार्श्वभूमी यांत भरपूर भेद राहावा हाच त्यांचा हेतू असल्याने वयस्कर डोळ्यांस त्या मानवतात. तिसरी लांब ओळ शब्दाच्या शेवटी मोडते. एरवी ईमॅक्स कडेस आला की शब्दाच्या मधेच ओळ वळवतो, आणि ‘व्यवस्थापक मंडळ’ असा शब्दसमूह भलत्याच ठिकाणी तुटलेला दिसतो. चौथी सर्व ~ प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवते, म्हणजे त्या मूळ फायलीशेजारी दिसतच नाहीत. ही ओळ काकूंची म्हणून आम्ही ओळखतो. पाचवी सीयूएची, सहावी देवनागरीची. आणि या सर्वांच्या खाली ठळक अक्षरांत : काही बिघडले तर टर्मिनलमध्ये ईमॅक्सच्या नावापुढे ‘-क्यू’ लिहून तो सुरू करा. तुमची मांडणी बाजूस ठेवून तो कोरा उघडेल.

देवनागरीची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी लागेल, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत ती सहसा नसते. आमच्या स्वयंसेवकांनी प्रथम साऱ्या यंत्राचाच कळफलक मराठी केला. वर्गातील यंत्रे लिनक्सची आहेत. लिहिणे उत्तम झाले, पण जतन होईना. इनस्क्रिप्ट मांडणीत एक्सच्या जागी अनुस्वार आहे आणि एसच्या जागी एकाराची मात्रा. जतन करण्यासाठी कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस दाबावे तर एडिटरास कंट्रोल-अनुस्वार ऐकू येई, आणि अशी कळ मला ठाऊक नाही असे तो म्हणे. त्याचे बरोबरच होते! उपाय असा की यंत्राचा कळफलक इंग्रजीच ठेवावा आणि ईमॅक्सची स्वतःची ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ पद्धत वापरावी. कंट्रोल धरून उलटी तिरकी रेघ दाबली की ती चालू होते, पुन्हा दाबली की बंद. ती फक्त अक्षरे पालटते, आज्ञांस हात लावीत नाही. सहावी ओळ हीच पद्धत कायमची नेमून देते. इनस्क्रिप्ट मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात दिलेली आहे व सर्वत्र एकच आहे, म्हणून ती एकदा बोटांत बसली की यंत्र बदलले तरी चालते.

जोडाक्षरांचेही थोडे आहे. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरे जुळवण्यासाठी ‘हार्फबझ’ ही व्यवस्था वापरतो. त्याआधीच्या आवृत्तीवर जोडाक्षरे तुटलेली दिसली तर दोष आपला समजू नये, नवी आवृत्ती घ्यावी. तसेच ‘क्ष्मी’ हे पडद्यावर एक अक्षर दिसत असले तरी मागे खोडणारी कळ त्यातील एकेक अवयव खोडते, आधी ईकार, मग म, मग हलन्त. प्रथम हे पाहून लोक गोंधळतात. पण चुकलेली वेलांटी तेवढीच खोडता येणे ही आपल्या लिपीत केवढी सोय आहे!

आणखी एक गोष्ट आम्ही मुखपृष्ठावरच छापली : मार्गदर्शिका कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली व कोणत्या महिन्यात. या विषयातील जुना सल्ला मरत नाही. उदाहरणार्थ, मांडणी नीट रचण्याचे ‘यूज-पॅकेज’ हे साधन पूर्वी वेगळे उतरवून घ्यावे लागे. २०२३ च्या २९ व्या आवृत्तीपासून ते आतच आहे. तरी जुन्या मार्गदर्शिका त्याच्या शोधात नवशिक्यास दारोदार फिरवतात. आमची मार्गदर्शिका २०२५ च्या ३० व्या आवृत्तीवर तपासली आहे. बाहेरची जोडसाधने पहिले चार रविवार कोणी घेऊ नयेत असेही तीत म्हटले आहे.

ती आता सहा पानांची आहे. इतिहास शेवटच्या अर्ध्या पानात, ज्यास हौस त्याच्यासाठी.

सहा पाने घेऊन आम्ही काकूंच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, चष्मा लावला आणि आमच्यासमोर सर्व वाचले. मग पेन्सिलीने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, आणि पहिल्या पानावर ~ चे चिन्ह बोटाएवढे मोठे काढून त्याखाली लिहिले, “हे दिसले तर थांबा.” तिसऱ्या छपाईत ते चित्र त्यांच्याच हातचे घेतले आहे. १९५३ ची वही त्यांनी पुन्हा पहिल्यापासून उतरवली. सध्या त्या १९५८ च्या वहीवर आहेत, आणि रविवारी येणाऱ्या नव्या मुलांस पहिली दहा मिनिटे आता त्याच शिकवतात.